मेमेच्या आईचं माहेर

आमच्या काकूला समोरच्या माणसाचं माहेर कळल्याशिवाय चहा गोड लागत नसे. व्हर्मॉन्टमधलं ते गाव कॅनडाच्या हद्दीला लागून, सहा महिने बर्फात बुडालेलं. तिथं आमच्या ओळखीतल्या माहेरचं कोण भेटणार होतं? पण ती विचारायचीच. पोस्टमनला विचारायची. गॅसचं मीटर वाचायला आलेल्या माणसाला विचारायची. काका गावातले डॉक्टर, दवाखाना घराच्या पुढच्या दोन खोल्यांत. खोकला घेऊन आलेली बाई औषध घेऊन निघाली की काकू तिला आत ओढायची, खुर्चीत बसवायची आणि मला हाक मारायची, "दत्ता, विचार हिला, आईकडचे कुठले?" मी विचारायचो. बाई आधी गोंधळायची, मग सांगायला लागायची आणि थांबायचं नाव घ्यायची नाही. कारण असं की, त्या देशात हे तिला कुणी कधी विचारलेलंच नसायचं.

मी कराडकडचा. दहावीला दोनदा आपटलो तेव्हा वडिलांनी हात टेकले आणि काकांनी मला अमेरिकेला नेलं, इंजिनियर करतो म्हणाले. तिथल्या हायस्कुलानं वर्षभरात काकांनाही हात टेकायला लावले. मग मी सॉ मिलमध्ये ओंडके ओढायला लागलो आणि घरात शांतता झाली. ही ऐंशीनंतरची गोष्ट, साल नेमकं विचारू नका. सालं लोरेन लक्षात ठेवायची, तिची गोष्ट पुढं येतेच. मी भाव, बर्फ आणि कोण कुणाला काय बोललं एवढंच लक्षात ठेवायचो. आता ती नाही, त्यामुळे आमच्या घरातली सगळी सालं तिच्याबरोबर गेली.

काकूचं स्वयंपाकघर हा त्या घरातला एकच उबदार भाग. ज्वारी मिळायची नाही, म्हणून ती मक्याच्या पिठाची भाकरी थापायची. पीठ जाडंभरडं, भाकरीला कडेनं भेगा जायच्या, आणि प्रत्येक भेगेला काकू अमेरिकेला एक शिवी घालायची. कराडहून आलेला कांदा-लसूण मसाला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असायचा. तो डबा उघडला की दवाखान्यातले पेशंट शिंकायचे, आणि काका तिथून ओरडायचे, "अगं, ॲलर्जीची माणसं आहेत इथं!" काकू म्हणायची, "मग बरंच आहे की, तुमचा धंदा चालतोय." बाहेर वारा छपराचे पत्रे वाजवत असायचा आणि आत थापटण्याचा आवाज. अजून कुठं भाकरी थापताना ऐकली की माझे कान गार पडतात, इतका तो वारा त्या आवाजाला चिकटलाय.

काका भला माणूस, पण जेवायला बसला की त्याला घराणं आठवायचं. आम्ही शहाण्णव कुळी. आमच्या पूर्वजांनी अमुक गडावर तलवार चालवली. आमचं देवक पंचपल्लव. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: देवक म्हणजे कुळाची खूण, कुणाचं झाड, कुणाचं मोरपीस. लग्नात ते पुजायचं, आणि दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर सोयरीक मोडली. आमच्या चुलतबहिणीचं लग्न व्हर्मॉन्टमध्ये झालं तेव्हा पंचपल्लवाला आंबा, वड, पिंपळ आणायचा कुठून? काकूनं मला पाठवून मेपल, बर्च, ओक, सफरचंद आणि एक कसलं तरी झुडूप अशी पाच पानं आणवली आणि ती पुजली. काकांनी हात जोडले. देवानंही काही तक्रार केली नाही.

लोरेन मला पहिल्यांदा दिसली ती मिलच्या आवारात. ओंडका मागायला आली होती. पोरी मिलमध्ये यायच्या त्या बापाचा डबा घेऊन, ही आली ती कुऱ्हाड घेऊन. तिला ॲशचं झाड हवं होतं, दलदलीत वाढतं ते, सरळसोट, एकही गाठ नसलेलं. मी सात ओंडके दाखवले. तिनं सातही नाकारले. सालीवर नख मारायची, वास घ्यायची आणि मान हलवायची, आमच्याकडं बाजारात बायका वांगी नाकारतात तशी. आठवा पसंत पडला. "घरी आणून दे," म्हणाली. दे म्हणाली, देशील का म्हणाली नाही. मी दिला. आणि मग दर शनिवारी काही ना काही कारण काढून तिकडं जायला लागलो.

त्यांच्या अंगणात मी जे बघितलं ते मला कुठल्या शाळेत दाखवलं असतं तर मी शिकलो असतो. ओंडका आडवा टाकायचा, साल सोलायची आणि कुऱ्हाडीच्या पाठीनं त्याला ठोकत जायचं, इंचाइंचावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ठोकता ठोकता लाकडाचा एक थर सुटतो, पट्टीसारखा, लांबच्या लांब. झाडाची एका वर्षाची वाढ म्हणजे एक पट्टी. मग त्याखालचं वर्ष, मग त्याखालचं. या पट्ट्या तासून त्यांच्या टोपल्या विणायच्या. विणायची ती लोरेनची आजी. तिकडच्या फ्रेंच बोलीत आजीला मेमे म्हणतात. मेमे म्हणजे साडेचार फूट उंची, पायात पुरुषी रबरी बूट, रेडिओवर आईस हॉकी चालू आणि आपला संघ हरायला लागला की फ्रेंचमध्ये शिव्या. वय ऐंशीच्या आसपास. माझं ठोकणं तिला पसंत नव्हतं. "हा लाकूड फोडतोय की त्याची माफी मागतोय?" असं लोरेनला विचारायची, मला ऐकू जाईल अशा बेतानं.

गावात या लोकांना फ्रेंच म्हणायचे, काही जण जिप्सी म्हणायचे, आणखी वाईटही म्हणायचे. लोरेन म्हणायची, आम्ही अबेनाकी. म्हणजे मुळातले इथले, गोऱ्यांच्या आधीचे. त्या वेळी तिथं त्यांचा एक छोटा गट उभा राहत होता. राज्यानं आम्हाला जमात म्हणून मान्यता द्यावी, अशी त्यांची मागणी होती. मागं एका गव्हर्नरानं तसा कागद दिलाही होता आणि त्याच्या नंतरच्यानं तो परत घेतला होता. आता पुन्हा फाईल तयार करायची होती. कोण कुणाचा, कुणाची आई कुठली, किती पिढ्या मागं जाता येतं, सगळं लिहून. लोरेन घरोघर फिरून ही नावं गोळा करायची. दुसऱ्यांच्या घरांची तिच्याकडं खोकं भरून झाली होती. स्वतःच्या घरचं पान कोरं. कारण ते सगळं मेमेच्या डोक्यात, आणि मेमे बोलायला तयार नाही. लोरेननं टेपरेकॉर्डर लावून बघितला. बटण दाबलं की मेमे बहिरी व्हायची. कागद काढला की झोप यायची. सरळ विचारलं तर म्हणायची, "माझी आई? ती बटाटे सोलायची. लिही." ते पान कोरं राहिलं तर मेमे, लोरेन, तिचे सगळे मामा-मावश्या यादीबाहेर राहणार होते. इतरांची नावं गोळा करणारी पोरगी आणि तिचंच घर कुठं नाही. ती हे हसून सांगायची. मग कुऱ्हाड घेऊन अंगणात जायची आणि त्या दिवशी माझ्याकरता ठोकायला काही उरायचं नाही.

मी हे घरी जेवताना बोललो. काकांनी घास खाली ठेवला. "पुरावा काय? उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल मी अबेनाकी. कॅनडात खरे अबेनाकी आहेत, त्यांची वस्ती आहे, ते म्हणतात आम्ही यांना ओळखत नाही. झालं ना मग?"

"काका, सांगायची सोय नव्हती त्यांना."

"कागद, दत्ता, कागद! घराणं असं हवेत नसतं."

काकू वाढत होती. तिनं आमटीची पळी तशीच हातात धरली. "मग तुमचा शहाण्णव कुळीचा कागद कुठाय, दाखवा की. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली, मी अजून बघितला नाही."

"आमचं सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे."

"तालुक्याला काय ठाऊक नाही ते मला सासूबाईंनी सांगितलंय. सांगू पोराला?"

काकांनी आमटी मागितली. काकू माझ्याकडं वळली. "कोण रे ही पोरगी? दर शनिवारी ओंडका ठोकायला जातोस ती? आईकडची कुठली?"

मी म्हटलं, तेच तर कुणाला माहीत नाही.

"मी विचारते," काकू म्हणाली.

मला वाटलं बोलण्यातलं बोलणं. पण रविवारी दुपारी बघतो तर काकू इरकल नेसून, वरून काकांचा बर्फातला कोट घालून पिकअपपाशी उभी. हातात पिशवी. पिशवीत नारळ, खण, हळदीकुंकवाचा करंडा आणि डब्यात रव्याचे लाडू. काकू निघाली होती ती सोयरीक घेऊन. मी लोरेनशी तोवर ओंडका आणि तिची यादी यांखेरीज कशावर बोललो नव्हतो, आणि हिनं खण घेतला होता!

"काकू, इथं असं करत नाहीत."

"मग कसं करतात?"

ते मला ठाऊक नव्हतं. गाडी सुरू केली.

मेमेच्या स्वयंपाकघरात लाकडावर पेटणारी मोठी चूल, लोखंडी, बिडाची. त्यावर मेपलचा पाक घातलेला घेवडा रटरटत होता. काकूनं वास घेतला आणि मला म्हणाली, "गूळ घातलाय. माणसं बरी आहेत." दोघी टेबलाशी समोरासमोर बसल्या. लोरेन कॉफी करते म्हणून शेजारच्या कोठीत गेली. मधे मी, दुभाष्या. काकूला इंग्रजी वीस शब्द, मेमेचं इंग्रजी फ्रेंचमध्ये बुडवून काढलेलं.

"विचार, पोरगी स्वयंपाक करते का?"

मी मेमेला म्हणालो, "काकू म्हणतात, घेवड्याचा वास छान आहे."

मेमेनं माझ्याकडं बघितलं, नारळाकडं बघितलं, खणाकडं बघितलं.

आता काकू माहेर विचारणार आणि मेमेला झोप लागणार, हे मला दिसत होतं. पण काकूनं विचारलंच नाही. तिनं आपलं सांगायला सुरुवात केली. आमच्यात रीतच आहे, पोर मागायला गेलं की आधी आपलं घर उघडं करायचं, मग दुसऱ्याच्या दारात डोकवायचं. तिनं तिच्या आईचं गाव सांगितलं, आजीचं सांगितलं, पणजीला सावत्र सासू होती ते सांगितलं. मग काकांच्या घराकडं आली आणि मी बोलता बोलता थांबलो.

"सांग तिला, थांबू नको. तुझा पणजा दुष्काळात गाव सोडून आला. आला तेव्हा त्याचं आडनाव वेगळं होतं. नव्या गावात त्यानं पाटलाचं आडनाव लावलं आणि शहाण्णव कुळी झाला. त्याच्या बायकोनं ते तिच्या सुनेला सांगितलं, सुनेनं मला. पुरुषांना आम्ही सांगितलेलं नाही, त्यांना झोप लागत नाही मग."

मी ते इंग्रजीत सांगितलं. माझं आडनाव मुळात आमचं नव्हेच, हे मला त्या दिवशी, एका परक्या स्वयंपाकघरात, दुभाष्या म्हणून कळलं.

मेमे हसली. आधी पोटात, मग दातांची कवळी टेबलावर पडेल इतकी. "माझ्या आजोबानंही तेच केलं," ती म्हणाली. "जमीन घ्यायची होती. फ्रेंच नाव लावलं आणि रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर जाऊन बसला. आजी कधी बसली नाही पुढं." आणि मग ती सुटलीच. आईचं नाव, आईची आई, ती उन्हाळ्यात तळ्याकाठी कुठल्या टोकाला राहायची, कोणते मामा हद्द ओलांडून उत्तरेला गेले आणि कोणते राहिले, कुणी टोपल्या विकत दारोदार फिरताना काय नाव सांगायचं. काकू मधेच विचारायची, "ती धाकटी की थोरली? दिली कुठं?" आणि मेमेला तेच हवं असायचं. थोरल्या बहिणीपाशी मात्र ती अडखळली. तिच्या तरुणपणी कोट घातलेल्या बाया पाहणीच्या वह्या घेऊन यायच्या. कोण कुणाचं, घरात वेडं कोण, दारुडं कोण, इंडियन कोण, असं गोड बोलून लिहून न्यायच्या. बहिणीनं सगळं खरं सांगितलं. तिला इस्पितळात नेलं, चार आठवड्यांनी आणून सोडलं, आणि पुढं तिला कधी मूल झालं नाही. "त्या बायांनी आपल्या आईचं नाव आम्हाला कधी सांगितलं नाही," मेमे म्हणाली. हे मी काकूला सांगितलं. काकूनं लाडवाचा डबा उघडून मेमेपुढं सरकवला.

थोड्या वेळानं काकू म्हणाली, "देवक?"

मी समजावलं, घराण्याचं झाड किंवा जनावर, ज्याला आपण मान देतो. मेमेनं विचार केला. "आई रस्त्यावरचं कासव उचलून पलीकडं ठेवायची. आम्हालाही ठेवायला लावायची. का ते सांगितलं नाही."

"कासव," काकू समाधानानं म्हणाली. "आपलं पंचपल्लव. जमतं."

हे सगळं खरं होतं का, असं मला पुढं कित्येकांनी विचारलंय. काकांनी विचारलं, शिकलेल्या माणसांनी विचारलं. राज्यानं मान्यता दिली ती फार पुढं, आमची मुलं मोठी झाल्यावर. कॅनडातले अबेनाकी तर आजही म्हणतात, हे आमचे नव्हेत, आमचं नाव घेऊन फिरतात. त्यांची तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. ज्याचं सगळं गेलंय त्याच्याकडं नावच उरतं, ते तो जपणार. मी दहावी नापास माणूस, निकाल देत नाही. मला एवढंच माहीत आहे की मेमे त्या दिवशी सोयरिकीला बसली होती, आणि सोयरिकीत आईकडचं खोटं सांगितलं तर पुढच्या पोरांना भोगावं लागतं. हे काकूला ठाऊक होतं, आणि मेमेलाही कुणी न सांगता ठाऊक होतं.

तर, काकू 'जमतं' म्हणाली तेवढ्यात मेमेनं मान वर केली. "लोरेन. कोठीत उंदीर लिहितोय वाटतं."

कोठीतली खुडबुड थांबली.

"पेन्सिलीचा आवाज मी भिंतीपलीकडून ओळखते. बाहेर ये."

लोरेन बाहेर आली. हातात शाळेची वही, गालाला पीठ. कॉफीचा पत्ता नाही. मेमेनं वही घेतली, पानं उलटली. सहा पानं भरली होती. तिचा चेहरा बंद झाला, दुकानाची फळी लावावी तसा.

"ही नावं मी पोरीच्या लग्नासाठी सांगितली," मेमे म्हणाली. "ही बाई त्यासाठी आली, मी त्यासाठी बोलले. लग्न असेल तर वही ठेव. नसेल तर ही चूल."

"काय म्हणते?" काकूनं विचारलं.

मी सांगितलं.

"मग चांगलं म्हणते की," काकू म्हणाली.

लोरेननं माझ्याकडं बघितलं, मग वहीकडं बघितलं. त्या सहा पानांसाठी ती दोन वर्षं झुरली होती. ते घर, ते मामा, ती स्वतः, सगळे त्या वहीत होते. आणि समोर मी, ओंडका धड ठोकता न येणारा. एक हो म्हणायचं होतं. तिनं मेमेच्या हातातून वही काढून घेतली, फडक्यानं चुलीचं दार उघडलं. आतल्या विस्तवानं तिचं तोंड लाल झालं.

"त्याच्याशी लग्न करायचं की नाही ते मी ठरवीन," ती म्हणाली. "पण वहीच्या बदल्यात नाही. आणि तुला विचारल्याशिवाय लिहिलं ते माझं चुकलं." आणि वही आत घालायला वाकली.

मेमे ऐंशीची, पण तिनं लोरेनचं मनगट असं पकडलं की मला मांजर उंदरावर झेपावल्यासारखं वाटलं. वहीची एक कड करपलीच.

"त्या बायांतली एकही आपली वही जाळायला निघाली नसती," मेमे म्हणाली. "आण इकडं. पेन्सिल नको. शाई आण."

तिनं आधी सगळी पानं वाचून घेतली. बहिणीच्या नावापाशी दोन शब्द स्वतःच्या हातानं घातले, ते काय ते मी इथं लिहीत नाही. मग शेवटच्या पानावर आपलं नाव लिहिलं. चर्चमधलं नव्हे, आई हाक मारायची ते. लिहायला तिला इतका वेळ लागला की घेवडा खाली लागला. मग तिनं पेन काकूपुढं केलं. "ही ऐकणारी. हिनंही सही करायची."

काकूला सांगितलं तेव्हा ती लाजली. पदर सावरला आणि देवनागरीत, ठसठशीत, मात्रावेलांटीसकट लिहिलं: सौ. सुमन वसंतराव, आणि पुढं पाटलाचं ते आडनाव. त्या फाईलीत आजही ते पान आहे. पुरावा काय म्हणून विचारणाऱ्या माझ्या काकांचं नाव त्यावर साक्षीला आहे, आणि ते वाचता येणारा माणूस त्या सरकारी कचेरीत आजवर भेटलेला नाही.

मेमेच्या कपाळाला कुंकू लागलं. तिनं नारळ कानाशी हलवून बघितला. सगळे हसत होते, आणि मला कुणी विचारत नव्हतं. मी काकूला मराठीत म्हणालो, "मग माझं काय?"

"काय म्हणतोय तो?" लोरेननं विचारलं.

काकूनं आपले वीस शब्द गोळा केले. माझ्या दंडाला धरून मला पुढं केलं आणि इंग्रजीत म्हणाली, "धिस बॉय. गुड बॉय. नो स्टडी. यू वाँट?"

मेमे हसून हसून खोकायला लागली. लोरेन हसली नाही. "त्याला तोंड आहे," म्हणाली, "तो विचारू दे." मी विचारलं. कसं विचारलं, कुठल्या भाषेत, आठवत नाही. लोरेन असती तर तिनं सांगितलं असतं, आणि वाढवून सांगितलं असतं.

"अंगणातला ओंडका अर्धा राहिलाय," ती म्हणाली. "तो संपव. मग बघते."

असा ओंडका संपवायला दीड दिवस लागतो. मी बाहेर गेलो आणि कुऱ्हाड उलटी धरून ठोकत सुटलो. माफी वगैरे मागितली नाही. वर्षं सुटत होती, तुटत होती, चिंध्या होऊन बर्फावर पडत होती. मेमे खिडकीतून काही तरी ओरडत होती. हात वर उचलेनात तेव्हा मी थांबलो. लोरेन पायऱ्या उतरून आली. एकेक पट्टी उचलून उजेडात धरून बघितली, टाकली, दुसरी उचलली.

"अर्ध्या वाया घालवल्यास," ती म्हणाली.

मग म्हणाली, "हो."

काकू तिकडं पिकअपमध्ये बसून हॉर्न वाजवत होती. तिला घरी जाऊन भाकरी टाकायच्या होत्या.